ट्राम आठवते का? बसलेल्यांनी, पाहिलेल्यांनी आणि नुसते रूळ पाहिलेल्यांनीही लिहा

परवा टॅक्सीत बसताना 'दादर टी.टी.' म्हटलं. ड्रायव्हर पंचविशीचा असेल. काही न विचारता त्याने गाडी खोदादाद सर्कलला आणून उभी केली. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून, म्हणजे आताच्या सीएसएमटीहून, दादरला आली. त्यानंतर त्या चौकात ट्राम फिरकलेली नाही, पण नाव अजून तिचंच चालतं. त्या रात्री जे मूल दहा वर्षांचं होतं, त्याने आज सत्तरी ओलांडली आहे. म्हणून हा धागा आताच काढतोय. उशीर करायला नको.

आठवणींना धरायला टेकू हवा म्हणून थोडी माहिती. मुंबईत पहिली ट्राम ९ मे १८७४ ला धावली, घोड्यांनी ओढलेली. कुलाबा ते पायधुणी व्हाया क्रॉफर्ड मार्केट, आणि बोरीबंदर ते पायधुणी व्हाया काळबादेवी, असे दोन मार्ग होते. भाडं तीन आणे, आणि सुरुवातीला छापील तिकीटच नव्हतं. पुढे भाडं दोन आण्यांवर आलं. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली आली. बस त्यानंतर, १९२६ मध्ये. मुंबईच्या बस चालवणाऱ्या 'बेस्ट'च्या (BEST) नावातला टी मुळात ट्रामवेजचा. वीजपुरवठा आणि ट्राम एकाच कंपनीकडे होते. १९४७ मध्ये महापालिकेने कारभार हाती घेतल्यावर त्याच टी चा अर्थ ट्रान्सपोर्ट झाला. उतरती कळा १९५३ पासून. नळबाजार ते जेकब सर्कल, म्हणजे आपला सात रस्ता, हा तोट्यातला मार्ग आधी बंद झाला.

आता तुम्ही सांगा. मोठं लिहायलाच हवं असं नाही. एक वाससुद्धा चालेल.

लालबाग, आता डोंबिवली

माझं वय ७४. आमची चाळ रस्त्याला लागून होती आणि ट्राम दारावरून जायची. संक्रांत जवळ आली की आम्ही पोरं फुटक्या बाटल्या आणि उडालेले बल्ब जमवायचो. काचा फडक्यात गुंडाळून रुळावर ठेवायच्या आणि फुटपाथवर येऊन बसायचं. ट्राम वरून गेली की फडकं उघडायचं. आत पिठासारखी बारीक पूड. सरस शिजवायचा, त्यात ती पूड आणि रंग घालायचा, आणि दोन खांबांमध्ये दोरा ताणून मांजा सुतायचा. खलबत्त्यात कुटलेल्या काचेला ती धार यायची नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. ड्रायव्हरला लांबूनच कळायचं. तो घंटा बडवत यायचा, आम्ही पळायचो, पण गाडी थांबवून कोणी आमच्यामागे धावल्याचं आठवत नाही.

वडील गिरणीत होते. पाळी सुटली की ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नसायची. वडिलांच्या केसांत कापसाचे तंतू असायचे, आणि त्या गर्दीत सगळ्यांच्याच केसांत असायचे. ट्रामच्या पिवळ्या दिव्यात ती सगळी डोकी पांढरी दिसायची. मी लहान, खाली उभा राहून वर बघायचो. ट्राम म्हटली की मला आधी हेच दिसतं.

कंडक्टरची मुलगी, बदलापूर

बाबा ट्रामवर कंडक्टर होते. ट्रामला पुढचं-मागचं असं काही नसायचं. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर हँडल काढून दुसऱ्या टोकाला जायचा, बाबा खाली उतरून तारेला टेकलेला दांडा दोरीने ओढून फिरवायचे, आणि मग आत येऊन बाकांच्या पाठी उलट्या करायचे. खट, खट, खट, ओळीने. सुट्टीत मी बरोबर गेले तर ते काम माझं. एका बाजूने सुरू करायचं आणि सगळ्या पाठी पालटून दुसऱ्या दाराशी पोचायचं. इतका मान मला शाळेत कधी मिळाला नाही.

शेवटच्या रात्री बाबांची ड्यूटी नव्हती. तरी गणवेश घालून ते मला घेऊन परळला रस्त्यावर उभे राहिले. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, गॅलऱ्या भरलेल्या. ट्राम दिसली तेव्हा लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. बाबांनी टोपी काढली आणि ती पुढे जाईपर्यंत हातात धरून ठेवली. पुढे ते बसवर गेले, निवृत्त झाले, पण घरी कधी 'बसवर आहे' म्हणाले नाहीत. 'बेस्टमध्ये आहे' म्हणायचे. टी चा अर्थ बदलला हे तुम्ही लिहिलंत आणि मला त्यांचं ते बोलणं आठवलं.

गिरगाव

माझ्याकडे फक्त काकांच्या गुडघ्यावरचा व्रण आहे. सायकलचं चाक रुळाच्या खाचेत अडकलं, पाऊस होता, काका दुधाच्या किटल्यांसकट आडवे. रूळ नेहमी तिरपे ओलांडायचे, समांतर कधी जायचं नाही, हे त्यांनी मला सायकल शिकवताना शिकवलं. तेव्हा आमच्या रस्त्यावर रूळ राहिलेही नव्हते.

नाशिक

मुंबईचा धागा आहे, पण आमच्याकडेही ट्राम होती हे नोंदवतो. १८८९ मध्ये सुरू झाली. नाशिक रोड स्टेशन गावापासून लांब, म्हणून रेल्वेने आलेल्या यात्रेकरूंना गावात आणायला घोड्यांची ट्राम मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत यायची. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ती बंद पडली. माझी पणजी लग्न होऊन आली ती ट्राममधून. वाटेत घोडे बदलले तेव्हा सासरच्यांनी गूळ-पाणी दिलं, एवढंच ती सांगायची. आजी ते आईला सांगायची आणि आईने मला सांगितलं. रूळ मी पाहिलेले नाहीत, पाहिलेलं कोणी घरात उरलेलं नाही. कुणा नाशिककराकडे काही अवशेष, फोटो असेल तर कृपया इथे टाका.

कोलकाता, सात वर्षं नोकरीनिमित्त

मी ट्राममध्ये बसलोय, पण मुंबईच्या नाही. कोलकात्यात घोड्यांची ट्राम १८७३ मध्ये म्हणजे मुंबईच्या एक वर्ष आधी निघाली आणि त्याच वर्षी बंदही पडली, पुढे पुन्हा उभी राहिली. आपल्या देशात ट्राम टिकली ती तिथेच. मैदानातून खिदिरपूरकडे जाणारी माझी आवडती होती. झाडांखालून, गवतावरून जायची. २०२० च्या अम्फान वादळानंतर ती बंद झाली. सासरे मुंबईचे, भायखळ्याला वाढलेले. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांना गरियाहाटहून ट्राममध्ये बसवलं. खिडकीशी बसले आणि एस्प्लनेड येईपर्यंत बोललेच नाहीत. उतरल्यावर म्हणाले, "आवाज तोच आहे रे." मग परतीचं तिकीट त्यांनी स्वतः काढलं.

फोर्टात नोकरी

२०१७-१८ मध्ये फ्लोरा फाउंटनचं काम चालू असताना रोज तिथून जायचो. एका सकाळी पत्र्याच्या फटीतून पाहिलं तर डांबराखाली काळ्या दगडांची फरसबंदी आणि तिच्यात रूळ. गंजलेले, पण सरळ, खाच स्पष्ट दिसणारी. इतकी वर्षं मी त्यांच्यावरून चालत होतो. त्याची बातमीही आली होती. अशाच खोदाईत बाकीच्या रस्त्यांवर किती रूळ उपटून भंगारात गेले असतील, हे मनातून जात नाही. खोदताना रूळ लागले तर निदान एक फोटो आणि जागेची नोंद ठेवावी, एवढं तरी कंत्राटात लिहायला हवं.

ज्यांना मुलांना काही दाखवायचं असेल त्यांनी आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय बघा. ट्रामची मॉडेल्स, जुनी तिकिटं आहेत. आमच्या मुलीने दीड तास काढला.

परळ

कालपासून हा धागा बाबांना वाचून दाखवतेय. वय ८६, डोळ्यांनी कमी दिसतं. लालबागच्या काकांचं मांज्याचं ऐकून ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, "सरसात साबुदाण्याची खळ घालायची विसरला तो." घंटेबद्दल त्यांचं म्हणणं असं, की ती हाताने वाजवत नसत. ड्रायव्हर उभा असायचा आणि टाचेने दाबायचा. चपराक दिल्यासारखे दोन ठोके, मध्ये जरा थांबून पुन्हा दोन. पलंगावर बसून त्यांनी पायाने फरशीवर वाजवून दाखवलं. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलंय.

बदलापूरच्या ताईंना बाबा विचारताहेत, तुमचे वडील उंच होते का, आणि पान खायचे का? परळ ते बोरीबंदर सकाळच्या ट्रामवर एक कंडक्टर होते, ते यांना खिडकीची जागा धरून ठेवायचे. नाव त्यांना आठवत नाही. ताई, जमल्यास कळवा.