एकाच कंपनीच्या सगळ्या देशांतल्या कार्यालयांना रेकॉर्ड लावण्यासाठी प्रक्रियेवर आधारित एकच साचा असावा का?

दप्तरदार
माझं मत सरळ आहे: असावा. विभागांच्या नावावरून फाइली लावल्या की विभाग मोडला, जोडला गेला की त्या पोरक्या होतात. काम मात्र तेच राहतं: माणूस नेमा, पगार द्या, माल घ्या. ऑस्ट्रेलियाचं रेकॉर्ड व्यवस्थापनाचं १९९६चं मानक याच विचाराचं. त्याच्याच पायावर २००१ मध्ये आयएसओ १५४८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, २०१६ मध्ये ते सुधारलं. मग प्रत्येक देशाने आपलं कपाट वेगळं का लावायचं?

कपाट_नंबर_सात
'माणूस नेमणं' सगळीकडे एकच? जर्मनीत वीसहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत कामगार परिषद, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेलं मंडळ, असेल तर नेमणुकीला तिची संमती लागते. त्या पत्रव्यवहाराला मुख्यालयाच्या साच्यात जागाच नसते, म्हणून तो 'इतर'मध्ये टाकला जातो. पुढे 'इतर' हीच सगळ्यात जाड फाइल होते. शिवाय तिथे हिशेबाची पुस्तकं १० वर्षं ठेवायची, ब्रिटनमध्ये कंपनीला करासाठी साधारण ६. एक साचा म्हणजे कुणाची मुदत?

दप्तरदार
मुदत प्रक्रियेला चिकटवायचीच नाही. प्रक्रिया एक, मुदतीचा तक्ता देशागणिक. संमतीची पायरी उपप्रक्रिया म्हणून जोडा, झालं.

जुनी_नस्ती
'झालं' म्हणणं सोपं आहे हो. ऑस्ट्रेलियातल्याच डर्क्स (रेकॉर्डची प्रणाली आखून उभी करण्याच्या) पद्धतीच्या आठ पायऱ्या बघा: प्राथमिक चौकशी, मग कामांचं विश्लेषण, मग कोणतं रेकॉर्ड ठेवणं भाग आहे ते शोधणं... इथवर येईतो लोक थकतात आणि नवी प्रणाली आधीच विकत घेतलेली असते! विश्लेषण सल्लागार करतो, फाइल लावणारा कारकून त्या खोलीत नसतोच. माझा विरोध तत्त्वाला नाही, या घाईला आहे.

कपाट_नंबर_सात
माझा तत्त्वालाही आहे. स्वतःची माहिती मागणारा माणूस प्रक्रिया मागत नाही, 'माझ्याबद्दलचं सगळं द्या' म्हणतो. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या डेटा संरक्षण नियमाखाली अशा अर्जाला साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. तुमच्या साच्यात त्या माणसाची भरती एकीकडे, पगार दुसरीकडे, तक्रार तिसरीकडे.

दप्तरदार
कागदाच्या काळात हा मुद्दा बिनतोड होता. आता प्रत्येक नोंदीवर कर्मचारी क्रमांक टाका, शोध एका झटक्यात.

कपाट_नंबर_सात
टाकणार कोण? ईमेलवर विषयसुद्धा न लिहिणारी माणसं?

जुनी_नस्ती
म्हणून मी म्हणेन, साच्यातल्या वरच्या दोन पातळ्या (मोठी कामं आणि त्यांतल्या प्रक्रिया) सगळ्यांना समान, तिसरी ज्या त्या देशाच्या हाती. आणि क्रमांक माणसाने नव्हे, पगाराच्या प्रणालीनेच भरावा.

कपाट_नंबर_सात
हे पटतंय, पण तिसऱ्या पातळीतला बदल मंजूर कोण करणार? मुख्यालय असेल तर तिथली परवानगी येईपर्यंत सगळं पुन्हा 'इतर'मध्येच.