डेटाच्या आधारे रुग्णालयांना मोबदला: उपचार सुधारतात की नुसत्या नोंदी?

धागालेखक:
अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने १९८३ मध्ये निदानगटानुसार, म्हणजे सारख्या आजारांच्या रुग्णांचा एक गट धरून प्रत्येक रुग्णामागे ठरावीक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली, आणि तेव्हापासून रुग्णालयांचे उत्पन्न नोंदींच्या अचूकपणाशी बांधले गेले. ऑक्टोबर २०१२ पासून हृदयविकाराचा झटका, हृदय निकामी होणे आणि न्यूमोनिया या आजारांचे रुग्ण घरी सोडल्यावर ३० दिवसांत अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा दाखल झाले तर मोबदल्यात कपात होऊ लागली. पुढे आजारांची यादी वाढली आणि कपातीची कमाल मर्यादा ३ टक्क्यांवर गेली. माझ्या मते हा दबाव योग्यच आहे. हृदय निकामी झालेल्या रुग्णाला लघवीवाटे पाणी काढणारी गोळी किती घ्यायची हे समजले आहे का, वजन अचानक वाढले तर कोणाला कळवायचे हे ठाऊक आहे का, याची चौकशी करणे एरवी कोणाच्याच गळ्यात नसते. कोणत्या विभागातून सोडलेले रुग्ण परत येतात हे विश्लेषणातून दिसते, आणि पैसा अडकलेला असल्यामुळे व्यवस्थापनाला त्याकडे काणाडोळा करता येत नाही.

प्रतिसाद १:
दबाव आहे हे मान्य, पण त्यातून पळवाटही निघते. परत आलेल्या रुग्णाला रीतसर दाखल न करता ‘निरीक्षणाखाली’ ठेवले की तो हिशेबात बाह्यरुग्ण ठरतो. खाट तीच, सलाइन तेच, पण पुनर्दाखल रुग्णांची संख्या कमी दिसते. त्याहून गंभीर बाब अशी की ‘जामा’ या नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात, ही योजना आल्यानंतर हृदय निकामी झालेल्या आणि न्यूमोनियाच्या रुग्णांमध्ये घरी गेल्यावर ३० दिवसांत होणारे मृत्यू वाढल्याचे आढळले. कार्यकारणभावाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत, हे खरे. तरीही अशी शंका उपस्थित झाल्यावर केवळ पुनर्दाखल कमी झाले म्हणून समाधान मानणे मला पटत नाही.

धागालेखक:
मग मोजमाप दुरुस्त करावे, सोडून देऊ नये. गरीब रुग्णांची सेवा करणाऱ्या रुग्णालयांवर अन्याय होतो हे आकड्यांतूनच पुढे आले, आणि २०१९ च्या आर्थिक वर्षापासून त्यांची तुलना त्यांच्यासारख्याच रुग्णालयांशी होऊ लागली.

प्रतिसाद २:
परिचारिकेच्या कामाचे उदाहरण घेतले तर दोन्ही बाजू स्पष्ट होतील. ऑक्टोबर २००८ पासून तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्याचा शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने त्वचेवर होणारी जखम; हे टप्पे खोल जखमेचे) रुग्णालयातच झाला असेल, तर मेडिकेअर त्यापोटी वाढीव रक्कम देत नाही. मात्र तो दाखल होतानाच होता अशी नोंद असेल, तर हा नियम लागू होत नाही. त्यामुळे दाखल करतानाच रुग्णाला कुशीवर वळवून माकडहाड, नितंब आणि टाचा उजेडात नीट पाहिल्या जातात, आणि हे निश्चितच चांगले झाले, कारण लालसर झालेली त्वचा त्याच वेळी नजरेस पडते. परंतु त्या नोंदीने रुग्णालयाचे पैसे वाचतात, रुग्णाची त्वचा वाचत नाही. त्यासाठी दर काही तासांनी कुशी बदलावी लागते, आणि जड रुग्णासाठी दोन माणसे लागतात.

प्रतिसाद १:
माझा मुख्य आक्षेप नेमका हाच आहे. विश्लेषणातून आलेला सुधारित मोबदला आधी कोडिंगच्या (बिलासाठी आजार आणि उपचार सांकेतिक क्रमांकांत नोंदवण्याच्या) सॉफ्टवेअरवर आणि सल्लागारांवर खर्च होतो, रात्रपाळीत मात्र तेवढेच हात राहतात.

धागालेखक:
रात्रपाळीतील परिचारिकांची संख्या आणि शय्याव्रणांची संख्या एकाच तक्त्यात व्यवस्थापनासमोर ठेवता येते, आणि माझा आग्रह अशाच विश्लेषणाचा आहे. निधी कोणत्या विभागाला मिळाला हेही त्याच तक्त्यात नोंदवणे सक्तीचे करावे.

प्रतिसाद २:
सक्तीला माझा पाठिंबा आहे, फक्त तो तक्ता वॉर्डातील परिचारिकांनाही दर महिन्याला पाहायला मिळावा. सध्या त्यांच्याकडून नोंदी तेवढ्या घेतल्या जातात आणि निष्कर्ष लेखा विभागातच राहतात.