मदत हवी आहे : फ्रेंच अराजकवाद्यांची १९५३ ची फूट आणि एकमताचा नियम

१९४५ साली फ्रान्समध्ये उभ्या राहिलेल्या 'फेदेरासिओं आनार्शिस्त' (अराजकवादी महासंघ) या संघटनेवर मी मराठीत दीर्घ टिपण लिहीत असून १९५३ च्या फुटीपाशी अडलो आहे. जॉर्ज फोंतनी यांच्या गुप्त गटाने संघटना आतून ताब्यात घेतली, तिचे नाव 'फेदेरासिओं कोम्युनिस्त लिबेर्तेर' (मुक्ततावादी साम्यवादी महासंघ) झाले आणि मोरिस ज्वायो प्रभृतींनी जुन्या नावाने ती पुन्हा बांधून १९५४ पासून 'ल मोंद लिबेर्तेर' हे नियतकालिक काढले, हा घटनाक्रम मी इंग्रजी लेखांतून जुळवला आहे. मात्र हे लेख बहुतेक एका बाजूचे कैवारी आहेत. फोंतनींच्या गटाने अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याला उघड पाठिंबा देऊन सरकारी दडपशाही सोसली, हे त्यांच्या विरोधकांनीही विसरू नये असे मला वाटते.

अराजकवाद्यांनी एकसंध, शिस्तबद्ध संघटना उभारावी असे मांडणारा १९२६ चा 'प्लॅटफॉर्म' आणि त्यावरचा वाद मला परिचित आहे. त्याची ओळख नको. फ्रेंच मी कोशाच्या आधाराने, सावकाश का होईना, वाचू शकतो. पॅरिसच्या अभिलेखागारांत जाणे मात्र शक्य नाही.

पुनर्बांधणीनंतर निर्णयांसाठी स्वीकारलेला एकमताचा नियम हा केवळ त्या कब्ज्याच्या अनुभवातून आला, की फ्रेंच अराजकवादी सेबास्तियाँ फोर यांच्या १९२८ च्या समन्वयवादी (अराजकवादाचे सर्व प्रवाह एकाच संघटनेत सामावणाऱ्या) मांडणीतूनच निघाला, हे ठरवण्यासाठी त्या काळातील कोणती मूळ कागदपत्रे घरबसल्या वाचता येतील?