ब्रेक दाबला तरी मागचे लाईट लागंनात

राम राम मंडळी, २०१४ ची गाडी हाय, काल परभणीहून जिंतूरला जाताना मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून सांगितलं की ब्रेक लाईट लागंनात. टेल लाईट, इंडिकेटर चालू, फक्त ब्रेकचे तिन्ही बंद. बल्ब बदलले तरी तेच. रात्री उसाच्या ट्रॉल्या अन् लेकरं सोबत, लई भीती वाटायली.

— दादा, तिन्ही एकदम गेले म्हणजे बल्बचा दोष नसतो. आधी फ्यूज बघा. तो चांगला असंल तर ब्रेक पेडलच्या वर स्विच असतो, दोनच वायरीचा असंल तर कनेक्टर काढून दोन्ही टोकं वायरच्या तुकड्यानं जोडा, लाईट लागले की स्विच गेला समजा.

— फ्यूज उडालेला निघाला तर जास्त अँपिअरचा टाकू नका भाऊ, वायरिंग जळतं. डिक्कीच्या बिजागरीजवळची वायर घासून शॉर्ट होते, तिथं बघा.

— स्विचच होता! आतले पॉइंट काळे पडलेले. नवीन बसवला, अंधारात गाडी भिंतीकडं पाठ करून लावली अन् ब्रेक दाबला, भिंत लाल झाली. लई उपकार झाले बघा.