पेनिसिलिन चालू असताना दाढ काढायची: वेगळी गोळी कशाला?

वेंगुर्ल्याची_मावशी
भाचा 24 वर्षांचा. रुमॅटिक तापामुळे हृदयाची मायट्रल झडप खराब झाली, धातूची बसवली आहे. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन आणि रोज दोनदा पेनिसिलिन व्ही 250 मिग्रॅ चालू. आता दाढ काढायची आहे, तर कुडाळचे दातांचे डॉक्टर आधी अझिथ्रोमायसिन घ्या म्हणतात. पेनिसिलिन पोटात जात असताना ते कशाला?

माडाखाली
मावशी, डॉक्टरांचं बरोबर आहे. पेनिसिलिनची ती रोजची मात्रा घशातल्या ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकससाठी, म्हणजे रुमॅटिक तापामागच्या जंतूसाठी. दातांवरच्या किटणात राहणारे व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकाय हे दुसरे जंतू तेवढ्याने संपत नाहीत. वर्षानुवर्षं तेच औषध मिळालं की त्यांतले दाद न देणारेच वाढतात, आणि तो गुण शेजारच्या जंतूंकडेही जातो. दाढ उपटताना हेच रक्तात उतरतात, आणि कृत्रिम झडप त्यांना चिकटायला आयती जागा.
म्हणून औषधाचा गटच बदलायचा. एरवीचं अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम इथे नको, ते पेनिसिलिनच्याच गटातलं. सेफॅलेक्सिनही नको, कारण पेनिसिलिनला न जुमानणारे जंतू त्यालाही जुमानत नाहीत असं होऊ शकतं. अझिथ्रोमायसिन 500 मिग्रॅ, एकदाच, 30 ते 60 मिनिटं आधी. पर्याय डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2021 मध्ये क्लिंडामायसिन यादीतून काढलं, जुनी चिठ्ठी असेल तर ती वापरू नका. रोजचं पेनिसिलिन मात्र चालूच.

खाडीपलीकडे
वॉरफरिन स्वतःहून बंद करू नका, झडपेवर गुठळी होईल. आदल्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासा, 4 च्या आत हवा. सोमवारी सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त थांबलं नाही तर दवाखाना उघडा असतो. दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको.

वेंगुर्ल्याची_मावशी
त्याच्या जिभेवर पांढरं येतं. मेडिकलमधून बुरशीवरचं मायकोनॅझोल जेल आणू?

खाडीपलीकडे
अजिबात नको! तोंडात लावलेलं मायकोनॅझोलही वॉरफरिनचा जोर वाढवतं, आयएनआर भलताच चढतो. पांढरं पुसून निघतं आणि खाली लाल दिसतं, तर बुरशी समजा. जीवाणू कमी झाले की कँडिडा या बुरशीला मोकळं रान मिळतं. निस्टॅटिनचं द्रावण डॉक्टरांकडून लिहून घ्या, तोंडात घोळवायचं. पुसून निघत नसेल तर दाढ काढायच्या वेळीच दाखवा.

माडाखाली
आणखी एक, हे फार महत्त्वाचं. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर मलेरिया-लेप्टोच्या तपासण्यांबरोबर ब्लड कल्चरही (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) मागा, तेही अँटिबायोटिकचा नवा कोर्स सुरू होण्याआधी. पावसाळ्यात आपल्याकडे तापाला लगेच डॉक्सिसायक्लिन सुरू होतं, मग कल्चरमध्ये जंतू उगवत नाही आणि झडपेचा संसर्ग उशिरा कळतो. झडप बसवली आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.