छतासाठी सिलिका एरोजेल: उजेड मिळेल, पण आरपार दिसेल का?

प्रश्न: वाचनकक्षाच्या छतातून उजेड यावा आणि उष्णता मात्र अडावी, म्हणून दुहेरी काचेच्या पोकळीत सिलिका एरोजेल (सिलिकाचा सूक्ष्म छिद्रांनी भरलेला, अतिशय हलका घन पदार्थ) भरण्याचा विचार आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असलेला हा पदार्थ हवेपेक्षाही चांगला उष्णतारोधक कसा ठरतो? त्यातून आरपार दिसते का?

पहिले उत्तर: सामान्य दाबाला हवेचा रेणू सरासरी ७० नॅनोमीटर अंतर कापल्यावर दुसऱ्या रेणूवर आदळतो. एरोजेलमधील बहुतेक छिद्रे याहून लहान असल्याने रेणू आधी छिद्राच्या भिंतीवरच आपटतो आणि उष्णता पुढे सरकवण्याचे त्याचे काम मंदावते. त्यामुळे स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असताना एरोजेलच्या अखंड लादीची ०.०१५ च्या जवळपास येते.

दुसरे उत्तर: आरपार दिसण्याची आशा मात्र सोडावी. अखंड लादी काळ्या कागदावर धरली तर निळसर आणि दिव्यासमोर धरली तर पिवळट दिसते (आकाशाच्या निळेपणामागेही हेच प्रकाशाचे विकिरण आहे). शिवाय ती ठिसूळ असते. छतासाठी दाणेदार एरोजेलच योग्य वाटते, कारण दुधी काचेसारखा पसरलेला, डोळ्यांवर न येणारा उजेड वाचनाला सोयीचाच असतो.

प्रश्नकर्ता: दाणे कालांतराने खाली बसत नाहीत का?

दुसरे उत्तर: बसतात, आणि उतरत्या छतात वरच्या कडेला रिकामी पट्टी उमटते. म्हणून भरतानाच पॅनेल थरथरवून दाणे दाबून बसवावेत आणि ते जलरोधक प्रक्रिया केलेले आहेत, याची खात्री करावी.