मुंबई महापालिकेची जुनी इमारत: शैली नक्की कोणती, आणि दगडांच्या दरजांत सिमेंट का नको?

फोर्टफेरी
वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना महापालिका मुख्यालय बाहेरून दाखवायचं आहे, त्यासाठी तीन शंका. कुठे तिला गॉथिक म्हणतात, कुठे इंडो-सारासेनिक (हिंदू-मुस्लिम वळणाची ब्रिटिशकालीन शैली). खरं काय? समोरचं सीएसएमटी त्याच वास्तुविशारदाचं, मग फरक कुठे दाखवायचा? आणि तिसरी शंका एकूणच जुन्या दगडी इमारतींबद्दल: डागडुजीला सिमेंट नको, चुना हवा, असं जो तो सांगतो. "चुना श्वास घेतो" याच्या पुढे मात्र कोणी जात नाही. भिंतीत नेमकं काय होतं?

घुमटाखाली
दोन्ही नावं चालतात, पण समान वजनाने नाही. सांगाडा गॉथिक आहे: टोकदार कमानींच्या ओळी, उभे गेबल (छपराकडचे त्रिकोणी दर्शनी भाग), कोरीव दगडकाम. डोक्यावरचे फुगीर घुमट हिंदुस्थानी वळणाचे. विद्यार्थ्यांना आधी कमानी बघायला लावा, मग नजर वर न्या. शैलीचा सांधा कुठे आहे ते त्यांचं त्यांनाच दिसेल.

याला मागची हकिगतही आहे. कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या हस्ते ९ डिसेंबर १८८४ ला बसली, पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १८८९ उजाडलं. मधल्या काळात आराखड्याचा घोळ चालू होता. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाचा आराखडा इंडो-सारासेनिक होता. अखेर फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या गॉथिकला पसंती मिळाली आणि १८९३ मध्ये इमारत पुरी झाली. म्हणजे घुमट आहेत म्हणून ती चिझमच्या पंथातली ठरत नाही.

सीएसएमटीशी तुलना करायची तर जागेपासून सुरुवात करा. स्थानकाला लांबरुंद जागा मिळाली, म्हणून ते अंगणाभोवती हात पसरून बसलं आहे. महापालिकेला मिळालं दोन रस्त्यांमधलं बेचकं: एका बाजूला आजचा दादाभाई नौरोजी मार्ग (तेव्हाचा हॉर्नबी रोड), दुसऱ्या बाजूला महापालिका मार्ग (क्रुकशँक रोड). स्टीव्हन्सने बेचक्याच्या टोकालाच मनोरा उभा केला आणि दोन्ही पाखे रस्त्यांच्या कडेने मागे नेले. अडचणीची जागा होती, तिचाच दर्शनी चेहरा केला. माझ्या मते रचनेच्या हुशारीत ही इमारत स्थानकाच्या वरचढ आहे; शिल्पांच्या श्रीमंतीत मात्र स्थानक पुढे.

प्रवेशाच्या वरच्या गेबलवर पंख असलेली आकृती आहे, ती चुकवू नका. मुंबईचं जुनं बिरुद 'अर्ब्स प्रायमा इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानातली पहिली नगरी, तिच्या रूपात मांडलं आहे. समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. १८८८ च्या महापालिका कायद्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, त्यामुळे तिथे उभं राहूनच तो विषय काढता येतो.

चुनाभट्टी
तिसऱ्या शंकेवर. "श्वास घेतो" हे बोलायला सोपं, पण मुद्दा पाण्याच्या वाटेचा आहे. पावसाचं पाणी जुन्या भिंतीत शिरणारच. प्रश्न एवढाच की ते बाहेर कुठून पडतं. दरजेत, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यात, चुना असेल तर पाणी दरजेतून सुकतं, सोबत आलेले क्षार चुन्यातच साठतात आणि काही दशकांनी चुना भुसभुशीत होऊन गळतो. त्याचं कामच ते, तो बळी जाण्यासाठीच असतो. सिमेंटने दरज बंद केली की पाण्याला दगडातूनच बाहेर पडावं लागतं. क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागामागे वाढतात आणि पापुद्रे सुटतात. बेसाल्ट बराच काळ तग धरतो. फोर्टात कोरीव कामाला सर्रास वापरलेला पोरबंदरचा दगड ही सच्छिद्र, मऊ चुनखडी, ती आधी जाते. दगड मागे सरतो आणि सिमेंटची रेघ जाळीसारखी पुढे येते. अशी जाळी दिसली की निदान झालंच. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षारही आणतं, तो लोणा वेगळा.

दुरुस्तीचा क्रम असा. जुना माल हातछिन्नीने काढा. ग्राइंडर नको, त्याची पाती दगडाच्या कडा खाते आणि ते नुकसान भरून येत नाही. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, आणि २० ते २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. धूळ ब्रशने झाडून दरज पाण्याने धुवा. भरताना दगड आतून ओला हवा, पण वर पाणी चमकायला नको. कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि माल पिठासारखा पडतो. एक भाग नीट मुरवलेला चुना, तीन भाग धारदार, क्षारमुक्त वाळू. ओलीच्या जागी वाळूतला काही भाग कमी करून सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) घाला, म्हणजे माल पाण्यातही आवळतो. एका वेळी १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. खोल दरज दोन-तीन थरांत भरा. शेवटचा थर दगडाच्या कडेपासून किंचित आत ठेवा, आणि जरा आवळला की ताठ ब्रशने ठोका. मग निदान सात दिवस ओलं गोणपाट. बहुतेक कामं इथेच बिघडतात: उन्हात एका दुपारी सुकलेला चुना कडक होत नाही, नुसता वाळतो.

पन्हळ_आणि_पागोळी
वरचं सगळं मान्य, पण दरजांना हात लावण्याआधी छपरावर जा. तुंबलेली पन्हळ आणि फुटलेला पावसाचा नळ तसाच असेल तर नवा चुनाही दोन पावसाळ्यांत जाईल. दगड जोडायच्या लोखंडी पट्ट्याही बघा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि दगड आतून फोडतो. तिथे बाहेरून चीर भरून उपयोग नाही, पट्टी काढून गंजरोधक पोलादाची बसवावी लागते. पिंपळाचं रोप उपटू नका. कापून मूळ मारा, वाळू द्या, मग काढा. उपटलं तर दोन दगडही सोबत येतात.

फोर्टफेरी
आभार. पोरबंदरच्या दगडावर वळचणीखाली काळा थर दिसतो, तो आम्लाने धुतात का? आणि चुन्यात गूळ, बेल, हिरडा घालतात ते कितपत?

चुनाभट्टी
आम्ल अजिबात नाही. चुनखडी आम्लात विरघळते, म्हणजे मळाबरोबर नक्षीही जाईल. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी चुनखडीचं जिप्सम होतं, त्यात काजळी अडकून तो थर बनतो. जिथे पाऊस थेट धुऊन जातो तिथे तो साठत नाही, म्हणूनच वळचणीखाली दिसतो. पाण्याचा बारीक फवारा बराच वेळ धरून थर मऊ करायचा आणि मऊ ब्रशने काढायचा, नाहीतर ओल्या मातीचा लेप लावायचा. वाळूचा मारा तर दगडाचं कातडंच सोलतो.

गूळ वगैरेबद्दल: गुळाच्या पाण्याने माल मळायला सोपा जातो, पण जास्त झालं तर चुना आवळायला उशीर होतो आणि बुरशी धरते. आधी एका आडबाजूच्या दरजेत नमुना भरा, एक पावसाळा जाऊ द्या, मग ठरवा.

घुमटाखाली
एक राहिलं. मुख्यालय आतून दाखवणाऱ्या वारसाफेऱ्या २०२१ मध्ये सुरू झाल्या. आत न्यायचं असेल तर सध्याच्या वेळा आधी विचारून घ्या. आत गेलात तर घुमटाखालचा जिना सोडू नका.